रखडलेले प्रबंध आणि चालढकल : ग्रंथालयातील लेखनगटाच्या प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४, सोमवार

आमच्या महाविद्यालयात पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्या प्राध्यापकांचे प्रबंध नेमके कुठे रखडतात हे पाहावे आणि जमल्यास ते पुढे सरकवावेत, एवढ्या मर्यादित हेतूने हा प्रकल्प आजपासून सुरू होत आहे. ग्रंथपाल या नात्याने माझ्याकडे दुपारी तीननंतर जवळजवळ रिकामा होणारा संदर्भ विभाग आहे. प्राचार्यांनी मंजुरी देताना दोनच अटी घातल्या : खर्च नसावा आणि वर्षअखेरीस अहवाल मिळावा. वाणिज्य, इतिहास, रसायनशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र आणि भूगोल या विभागांतून प्रत्येकी एकाने नाव दिले आहे. नोंदींत कोणाचेही नाव येणार नाही, उल्लेख विषयावरूनच होईल, असे सर्वांना सांगितले आहे.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापले कारण सांगितले आणि सगळ्यांचे कारण एकच निघाले : वेळ मिळत नाही. ते खोटे नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला आहे, नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) वार्षिक अहवालाची माहिती गोळा करायची आहे, परीक्षा विभाग मानगुटीवर आहे, आणि वर्षअखेरीपूर्वी विधानसभेची निवडणूक असल्याने मतदान केंद्रावरची ड्यूटीही चुकणार नाही. पण मे महिन्याच्या सुटीत, जेव्हा यांतले बहुतेक काही नव्हते, तेव्हाही प्रबंधाचे पान हलले नव्हते, हे राज्यशास्त्राच्या सरांनी स्वतःच निदर्शनास आणून दिले. त्यामुळे पहिला निर्णय असा झाला की नोंदवहीत थांबलेल्या प्रत्येक कामापुढे 'अडले' किंवा 'टाळले' यांपैकी एकच शब्द लिहायचा. काम दुसऱ्या माणसावर, कार्यालयावर किंवा परिस्थितीवर अवलंबून असेल तर ते अडले. ते आपल्या हातात असेल, करायचे असे आपणच ठरवले असेल आणि न केल्यास आपलेच नुकसान होणार हे ठाऊक असूनही झाले नसेल, तर ते टाळले. ही कसोटी माझी नाही. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरील तोपर्यंतचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा जवळपास हीच व्याख्या वापरली होती.

४ जुलै २०२४, गुरुवार

व्यवस्था ठरली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या घंटेला बसायचे आणि पुढच्या घंटेला उठायचे. २५ मिनिटे काम आणि मग छोटी विश्रांती, ही इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पद्धत सध्या फार सांगितली जाते. पण आमचा तास ४८ मिनिटांचा आहे आणि त्या घंटेची सवय प्राध्यापकांच्या अंगात इतकी मुरलेली आहे की वेगळे घड्याळ लावण्याचे कारण नाही. मोबाइल प्रॉपर्टी काउंटरवर जमा करून विद्यार्थ्यांप्रमाणेच पितळी टोकन घ्यायचे.

उठण्यापूर्वी नोंदवहीत 'पुढचा तुकडा' लिहायचा. तो झाला की नाही हे तिसऱ्या माणसाला पाहून सांगता आले पाहिजे. 'तिसऱ्या प्रकरणावर काम करणे' ही नोंद स्वीकारली जाणार नाही, 'तक्ता ३.२ खालचा पहिला परिच्छेद' ही स्वीकारली जाईल.

९ जुलै २०२४, मंगळवार

सदस्यांनी आपापल्या प्रगती अहवालांच्या प्रती आणल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करायची असते. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. मधल्या काळात प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करून अहवाल द्यावा लागतो. कागदावर ही रचना चांगली आहे. प्रत्यक्षात तीन जणांच्या सलग तीन अहवालांत 'संदर्भसाहित्याचे वाचन चालू आहे' हे वाक्य विरामचिन्हांसकट तेच आहे आणि समितीने प्रत्येक वेळी 'समाधानकारक' असा शेरा दिला आहे.

सादरीकरणापूर्वीच्या पंधरवड्यात मात्र सगळे लिहितात. स्टील आणि कॉर्नेलियस क्योनिग यांनी मांडलेल्या सूत्रात याचे उत्तर आहे. काम जमेल याची खात्री आणि कामाचे आपल्या लेखी मूल्य हे प्रेरणा वाढवतात. उतावीळ स्वभाव आणि फळ मिळण्याला लागणारा वेळ हे ती घटवतात. सहा वर्षांवरची पदवी आणि आज संध्याकाळपर्यंत मागितलेला नॅकचा तक्ता यांत तक्ताच जिंकणार, कारण त्याचे फळ, म्हणजे कार्यालयाचा फोन बंद होणे, लगेच मिळते. आमच्या हातात सूत्रातला शेवटचा घटक तेवढा आहे : अंतर कमी करणे. नोंदवहीतला तुकडा त्यासाठीच आहे.

१६ जुलै २०२४, मंगळवार

आजची नोंद लांबणार आहे, कारण प्रकल्पातले पहिले ठोस काही आज हाती लागले.

वाणिज्यच्या सरांचा विषय जिल्ह्यातील ऊस उत्पादक शेतकरी पीककर्जाचा वापर कसा करतात हा आहे. नमुना ३८४ शेतकऱ्यांचा आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या प्रबंधांत हा आकडा सर्रास भेटतो, कारण क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाखांच्या लोकसंख्येसाठी तो दिलेला आहे. सरांनी दोन हंगामांत गावोगाव हिंडून सगळ्या प्रश्नावल्या भरून आणल्या, म्हणजे सर्वांत कष्टाचा भाग त्यांनी कोणतीही सबब न सांगता पार पाडला. त्यानंतर ते गठ्ठे सुतळीने बांधून विभागातल्या गोदरेजच्या कपाटात गेले आणि दोन वर्षे तिथेच राहिले. नोंदवहीत सरांनी लिहिले होते : 'डेटा एन्ट्री. वेळ नाही. माणूस मिळत नाही. अडले.'

त्यांना एक गठ्ठा संदर्भ विभागात आणायला सांगितले. माहिती भरायची नाही, फक्त वरच्या दहा प्रश्नावल्या चाळायच्या, एवढेच ठरले. गठ्ठा सोडताना सर सहज बोलत होते. सहाव्या-सातव्या प्रश्नावलीला बोलणे थांबले आणि ते प्रत्येक कागदाचे तिसरे पान आधी उलटू लागले. तिथे प्रश्न १७ होता : 'आपण खासगी सावकाराकडून कर्ज घेतले आहे काय? असल्यास रक्कम.' दहापैकी चार ठिकाणी तो कोरा होता. अनोळखी माणसाला, त्यातही हातात कागद घेऊन आलेल्या प्राध्यापकाला, कोणता शेतकरी सावकाराचा आकडा सांगेल? सरांना ही गोष्ट माहिती गोळा करतानाच कळली होती आणि त्यांचे दुसरे गृहीतक नेमके त्याच प्रश्नावर उभे होते. डेटा एन्ट्रीला माणूस न मिळणे ही अडचण दुय्यम होती. गठ्ठा उघडला की गृहीतक कोसळणार हे त्यांना दोन वर्षे ठाऊक होते आणि गठ्ठा बंद असेपर्यंत ते कोसळलेले नव्हते.

"मग आता हे सगळं वायाच की," सर म्हणाले. राज्यशास्त्राच्या सरांनी त्यांना थांबवले. त्यांचे म्हणणे असे की कोरी जागा हेही उत्तरच आहे : कोणत्या तालुक्यात, किती एकरवाल्याने, सोसायटीचे कर्ज थकलेले असताना की नसताना उत्तर दिले नाही, हे मोजता येते आणि ते मोजणे कर्जाच्या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाईल. ते मार्गदर्शकांना पटेल की नाही हा पुढचा प्रश्न. पुढचा तुकडा सरांनी स्वतःच्या हाताने लिहिला : 'पहिल्या शंभरांत प्रश्न १७ किती ठिकाणी कोरा आहे ते मोजणे.' आधीच्या ओळीतला 'अडले' त्यांनी खोडला.

२६ जुलै २०२४, शुक्रवार

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आहे, अनेक रस्ते पाण्याखाली आहेत आणि महाविद्यालयाला सुटी आहे. बैठक नाही. सर्वांपुढे 'अडले'.

६ ऑगस्ट २०२४, मंगळवार

वाणिज्यच्या सरांच्या गठ्ठ्यानंतर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : प्रबंधातली कोणती गोष्ट नुसती आठवली तरी विषय बदलावासा वाटतो? आळस म्हणून आपण जे सोडून देतो त्याच्या आत डोकावण्याचा हा रस्ता मला अधिक भरवशाचा वाटतो. ही मंडळी आळशी नाहीत. त्यांच्यापैकी दोघे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एकहाती चालवतात.

मानसशास्त्रज्ञ फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेले म्हणणे याला जवळचे आहे. त्यांच्या मते चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न असण्यापेक्षा मनःस्थिती सावरण्याचा प्रकार आहे. काम समोर आले की कंटाळा, भीती, शरम किंवा गोंधळ यांपैकी काहीतरी जाणवते, काम बाजूला सारले की ते तत्काळ ओसरते, आणि हा दिलासा खरा असल्यामुळेच सवय पक्की होते. फक्त त्याची किंमत पुढच्या महिन्यातल्या आपल्याला मोजावी लागते. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे इतरांपेक्षा कमी तणावात होते आणि कमी आजारी पडत होते. सत्राच्या शेवटी चित्र उलटे झाले, एकूण बेरीज तोट्याची निघाली आणि गुणही कमी पडले. 'दडपणाखालीच माझं काम चांगलं होतं' असे ऐन वेळी जागणारे सांगतात, त्यांनी ही शेवटची बाब पाहावी.

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार

तुकड्याच्या नोंदीत एक भर घातली : कशानंतर, कुठे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे की 'हे करायचे आहे' एवढ्या संकल्पापेक्षा 'अमुक झाले की तमुक करीन' असा बांधलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो, कारण त्या क्षणी पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही. भूगोलाच्या मॅडमनी लिहिले : 'चौथा तास संपला की स्टाफरूममध्ये न जाता थेट संदर्भ विभागात, नकाशा ५ ची सूची.' यातला 'स्टाफरूममध्ये न जाता' हा भाग सर्वांत मोलाचा आहे, हे आमच्या स्टाफरूममध्ये एकदा तरी बसलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

इतिहासाच्या मॅडम सर्वांत नियमित येतात आणि त्यांचे लेखन सर्वांत कमी झाले आहे. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, त्यानंतर खेड्यांतल्या शाळा प्रत्यक्षात कशा चालल्या हा त्यांचा विषय. त्यांना मोडी उत्तम वाचता येते, पुराभिलेखागारातले कर्मचारी त्यांना ओळखतात आणि टिपणांच्या वह्यांनी त्यांचे घर भरले आहे. लिहायला बसा म्हटले की उत्तर येते : "अजून दोन रुमाल बघायचे राहिलेत." रुमाल म्हणजे पुराभिलेखागारात कापडात बांधून ठेवलेले जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे.

आज त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मॅडमनी कोऱ्या पानावर प्रकरणाचे शीर्षक लिहिले, पट्टीने त्याखाली रेघ मारली, मग दुसरी मारली, पहिला शब्द लिहिण्यासाठी पेन टेकवले आणि लगेच तारखेची खात्री करण्यासाठी टिपणवही उघडली. तारीख सापडली; पण तिच्याखाली दुसरे टिपण होते, त्यात तिसऱ्या रुमालाचा उल्लेख होता, आणि घंटा झाली तेव्हा त्या तो उल्लेख चिठ्ठीवर उतरवत होत्या. पान तसेच राहिले.

ही चालढकल ओळखायला सर्वांत कठीण, कारण ती कामाच्या पोशाखात येते. रिकामे बसलेल्याला निदान टोचणी लागते. वाचत बसलेल्याला उलट संध्याकाळी समाधान वाटते, आणि मार्गदर्शक, समिती, घरचे सगळे त्या वाचनाचे कौतुक करतात. मॅडमना कशाची धास्ती वाटते असे विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, "सर, हे वाचलंच नाही का, असं तोंडी परीक्षेत कुणी म्हणू नये एवढंच." दप्तराला अंत नसल्यामुळे ही अट कधीच पूर्ण होणार नाही. वाचन थांबवायला मी सांगणार नाही, तो माझा अधिकारही नाही. पण संदर्भ विभागातल्या त्या ४८ मिनिटांत टिपणवह्या उघडायच्या नाहीत आणि जिथे तारीख किंवा आकडा आठवणार नाही तिथे चौकट काढून पुढे जायचे, असे ठरले. चौकटी नंतर एकत्र भरता येतील.

२७ ऑगस्ट २०२४, मंगळवार

मॅडमची दीड पाने, बावीस चौकटी.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

महाविद्यालयाने 'वेळेचे व्यवस्थापन' या विषयावर बाहेरच्या वक्त्यांचे व्याख्यान ठेवले होते. व्याख्यान रंगले, टाळ्या पडल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली, छायाचित्रे नॅकच्या फायलीत गेली आणि त्या तासाला लेखनगटाची बैठक बुडाली. वक्त्यांनी सांगितलेले 'सकाळी पाचला उठा' हे सूत्र ज्या मॅडमना साडेपाचला पाणी भरून, डबे करून साताची एसटी गाठावी लागते त्यांनी कसे वापरावे, हे कोणी विचारले नाही. मला अशा व्याख्यानांचा राग नाही, पण त्यांतून एक अपाय होतो : ऐकणाऱ्याला वाटते की सगळ्यांना जमते आणि आपल्यातच खोट आहे.

जाता जाता राज्यशास्त्राच्या सरांनी एक उपयोगी गोष्ट सुचवली. शासकीय कार्यालयांसाठी महाराष्ट्रात २००५ चा एक अधिनियम आहे, ज्याला सगळे दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. कायद्याने फायली किती हलल्या हा भाग वेगळा, पण सात दिवसांचे माप आम्ही घेतले. नोंदवहीतला तुकडा कामाच्या सात दिवसांत झाला नाही तर तो मोठा आहे असे समजून फोडायचा. कोणाला जबाब विचारायचा नाही.

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

गणेशोत्सवाच्या काळात बैठका झाल्या नाहीत आणि विसर्जनानंतरही तिघेजण परतले नाहीत. त्यांना गटावर 'लिहिले का?' असा निरोप पाठवण्याचा मोह टाळला. मायकल व्होल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांचा २०१० चा अभ्यास इथे लागू पडतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात केलेल्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. याचा अर्थ सरळ आहे. स्वतःला दोष देत राहिले की ते काम आठवणेच त्रासाचे होते आणि त्रास टाळण्यासाठी माणूस कामापासून आणखी दूर जातो.

तिघांना वेगवेगळे भेटून 'किती झाले' असे न विचारता 'कुठे थांबलात' असे विचारले. दोघे उद्या येतो म्हणाले. तिसरे, रसायनशास्त्राचे सर, म्हणाले, "सर, माझं तुमच्या वहीनं होण्यासारखं नाही."

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

रसायनशास्त्राच्या सरांची मुदत जवळ येत आहे. प्रयोग झालेले आहेत, आलेख काढलेले आहेत. नोंदवहीत जुलैपासून एकच ओळ आहे : 'मार्गदर्शकांची वेळ मिळत नाही. अडले.' ते आज आले आणि बराच वेळ काही न लिहिता बसून राहिले. शेवटी कळले ते असे की मार्गदर्शकांना फोन करून वर्ष उलटून गेले आहे. पहिले दोन महिने कामाच्या गडबडीत गेले. मग इतक्या दिवसांनी रिकाम्या हाताने कसा करायचा म्हणून राहिला. मग उशीर झाल्याची शरम इतकी वाढली की फोन करण्यासाठी आधी संपूर्ण प्रकरण हातात हवे असे वाटू लागले. आणि मार्गदर्शकांशी बोलल्याशिवाय प्रकरण पुरे होणार नव्हते. प्रबंध जागच्या जागी राहिला तो एका फोनपायी.

काय बोलायचे ते कागदावर दोन वाक्यांत लिहिले. उशिराचे स्पष्टीकरण त्यातून काढून टाकले, कारण ते लिहू लागताच पान भरत होते. सरांनी काउंटरवर टोकन दिले, मोबाइल घेतला आणि जुन्या तालिका-पत्रांच्या कपाटाशी उभे राहून फोन लावला.

"तिसरं प्रकरण कुठवर आलं?" पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"सर, आलेख झालेत, चर्चा राहिलीय."

"दसरा झाला की घेऊन या. प्रिंट काढून आणा, मला स्क्रीनवर वाचवत नाही."

दोन मिनिटेही लागली नाहीत. सरांनी वहीतल्या जुलैपासूनच्या त्या ओळीतला 'अडले' खोडून तिथे 'टाळले' असे स्वतःहून लिहिले. मार्गदर्शक रागावले नाहीत हा योगायोग असू शकतो. रागावले असते तरी तारीख मिळालीच असती, असे मला वाटते.

१७ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

मंगळवारी वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमामुळे मला सवड नव्हती आणि त्याच दिवशी विधानसभेच्या निवडणुकीच्या तारखाही जाहीर झाल्या. आजच्या बैठकीत प्रत्येकाने प्रबंध कधी पूर्ण होईल त्याचा अंदाज लिहिला. सर्वसाधारण उत्तर 'दिवाळीच्या सुटीत' असे आले.

मग वहीचे पान उलटून दुसरा प्रश्न दिला : आधीचे प्रकरण प्रत्यक्षात किती दिवसांत झाले? रॉजर ब्यूहलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४ मध्ये मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा आला आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. सगळेच वाईट घडले तर किती लागतील, याचा अंदाजही ४८.६ दिवसांचाच होता. माणूस अंदाज बांधताना पुढच्या कामाचे चित्र रंगवतो आणि मागच्या कामाचा हिशेब काढत नाही. मराठीच्या सरांनी तो हिशेब काढला आणि दिवाळी खोडून फेब्रुवारी लिहिला. ते थोडे हिरमुसले. पण जी तारीख आपल्यालाच खरी वाटत नाही ती कोणाला कामाला लावत नाही, त्यामुळे मला फेब्रुवारीच बरा वाटतो.

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

दिवाळीची सुटी. ग्रंथालय उघडे आहे, पण आले फक्त भूगोलाच्या मॅडम. शांततेत जॉर्ज अकरलॉफ यांचे १९९१ चे चालढकल आणि आज्ञापालन यांवरील व्याख्यान पुन्हा वाचले. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या या गृहस्थांनी सुरुवातीला भारतातलाच अनुभव दिला आहे. ते इथे वर्षभर राहत असताना त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ कपड्यांचे एक खोके त्यांच्याकडे ठेवून गेले. ते अमेरिकेला पाठवायचे होते. इथल्या कार्यालयांचा कारभार पाहता त्यात पूर्ण दिवस जाईल असा अकरलॉफ यांचा अंदाज होता, आणि आठ महिन्यांहून अधिक काळ ते रोज सकाळी 'उद्या पाठवू' असे ठरवत राहिले. शेवटी दुसऱ्या एका मित्राच्या सामानाबरोबर ते खोके गेले.

त्यांचे विवेचन असे की आजचा त्रास नेहमी त्याच्या खऱ्या आकारापेक्षा थोडा मोठा दिसतो. एका दिवसाच्या उशिराने होणारे नुकसान क्षुल्लक असते, त्यामुळे रोजचा निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचाच ठरतो आणि सगळ्या शहाण्या निर्णयांची बेरीज मूर्खपणाची होते. मला यातला व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो : खोके शेवटी गेले ते दुसऱ्याच्या सामानाबरोबर. आमच्या गटातही एकट्याने घरी न होणारे काम शेजारी दुसरा माणूस लिहीत बसलेला असताना होते. एकमेकांशी कोणी बोलत नाही, तरीही होते.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

२० तारखेला मतदान आणि २३ ला मोजणी झाली. चौघांना ड्यूटी होती. प्रशिक्षणाचे दिवस धरून त्यांचा बराच काळ खरोखर अडला. पण खरे अडलेले काम सुटल्यावर बघता बघता टाळलेले होते, हेही पुन्हा दिसले, कारण खंडानंतर पहिल्यांदा फाइल उघडणे नको वाटते. त्यामुळे मोठ्या खंडानंतरचा पहिला तुकडा मुद्दाम किरकोळ ठेवायचा : पृष्ठक्रमांक घालणे, संदर्भसूचीतल्या पाच नोंदी तपासणे, एवढाच.

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

एका सदस्याने गटातून बाहेर पडत असल्याचे सांगितले. बोलताना लक्षात आले की त्यांची झोप उडालेली आहे, कशातच मन लागत नाही, आणि हे प्रबंधापुरते नसून घरातल्या साध्या कामांतही तसेच होत आहे. इथे वहीचा, तुकड्यांचा आणि घंटेचा काही उपयोग नाही. नैराश्य किंवा लक्ष एकाग्र न होण्याचा विकार असेल तर चालढकल हे त्याचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार करणारे वेगळे लोक आहेत. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास सुचवले आणि टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. त्यांचा तपशील नोंदवहीतून काढून टाकला आहे.

२४ डिसेंबर २०२४, मंगळवार

अहवालाचा नमुना आला. त्यात 'लाभार्थी संख्या' आणि 'फलनिष्पत्ती' असे रकाने आहेत. पहिल्यात सहा लिहिता येतील. दुसऱ्यात पुढील मजकूर देत आहे.

वाणिज्यच्या सरांच्या सर्व प्रश्नावल्या संगणकावर भरून झाल्या. मार्गदर्शकांनी कोऱ्या उत्तरांचे स्वतंत्र उपप्रकरण मान्य केले, दुसरे गृहीतक मात्र बदलायला सांगितले. इतिहासाच्या मॅडमचे एक प्रकरण चौकटी भरून मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी दरम्यान आणखी रुमाल पाहिले, ते पाहणारच. रसायनशास्त्राच्या सरांचे तिसरे प्रकरण दुरुस्त होऊन परत आले. त्यांना मुदतवाढ लागेल असे दिसते आणि अर्ज त्यांनी मुदतीपूर्वीच केला आहे. राज्यशास्त्राच्या सरांचे काम जुलैत होते तिथेच आहे. दुसऱ्यांच्या प्रबंधाचे पेच सोडवण्यात त्यांना जी गोडी आहे ती स्वतःच्या बाबतीत लागलेली नाही, आणि यावर मला काही सुचलेले नाही.

जानेवारीपासून मंगळवारऐवजी गुरुवारी बसायचे आहे, कारण मंगळवारी नॅक समितीच्या बैठका आहेत. मराठीच्या सरांची जुनी दोन प्रकरणे श्री-लिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या टंकप्रणालीत टंकलेली असल्यामुळे साहित्यचौर्य तपासणीपूर्वी ती युनिकोडमध्ये आणावी लागतील. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात आणि ओळ न् ओळ वाचून ती नीट करावी लागते. सरांनी हे काम तीनदा पुढे ढकलले आहे. पहिल्या शुक्रवारी भूगोलाच्या मॅडम मूळ प्रत मोठ्याने वाचतील आणि सर पडद्यावर दुरुस्त्या करतील. आवाजामुळे इतरांना त्रास नको म्हणून त्या तासापुरती नियतकालिक विभागाची आतली खोली दिली आहे.